बदकांस भात घालू नये

आमच्या अण्णांच्या म्हाळाचे पान कावळ्याने नव्हे, बदकाने उष्टे केले. ही गोष्ट आज रत्नागिरीत निदान दोनशे माणसे डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगतात. त्या दिवशी आमच्या परसात पाच माणसे होती. मी मोजली होती.

तेव्हा उरलेल्या एकशे पंच्याण्णव जणांसाठी खरा प्रकार एकदाचा लिहून काढतो. मला त्याचा अजून राग येतो, हेही आधीच सांगून टाकतो.

माझी नोकरी वजनेमापे तपासण्याची. पारड्याखाली चिकटवलेला चिंचेचा गोळा मी नुसत्या वासाने ओळखतो. आणि अशा माणसाच्या घरात एकही गोष्ट मापाने होत नाही! आये (म्हणजे माझी आई) मीठ घालते चिमटीने, सुलभा (म्हणजे माझी बायको) तांदूळ घेते मुठीने. "किती मुठी?" असे एकदा विचारले, तर म्हणाली, "लागतील तेवढ्या."

त्यात अण्णांना (म्हणजे माझ्या वडिलांना) उतारवयात मधुमेह निघाला. डॉक्टर म्हणाले, "भात थोडा खा." आता थोडा हे काय माप झाले? मी स्टीलची एक वाटी घेतली, पाणी मोजून ओतले आणि आतून कानशीने बारीक रेघ मारली. भात रेघेपर्यंत. रेघेच्या वर एक शीत नाही. अण्णा जन्मभर उकड्या तांदळाच्या भातावर पोसलेले. ते त्या वाटीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बाळ्या, दुकानदारानं कमी मापलं तर तू त्याला दंड करतोस. तू मला कमी मापतोस, तुला दंड कोण करणार रे?"

मी हसलो नाही. मापाच्या बाबतीत मी हसत नाही. अण्णा त्यानंतर दोन वर्षे जगले आणि त्या दोन वर्षांत त्यांचे वजन अर्धा किलोनेही उतरले नाही. हे मी माझ्या वाटीचे यश समजत होतो.

अण्णा गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस माझा मेहुणा अलोऱ्याहून एक करंडी घेऊन आला. करंडीत बदकांची सहा पिल्ले. त्याची बदली झाली होती, आणि बदलीच्या गावी बदके नेता येत नाहीत असा शोध त्याला सामान बांधताना लागला होता.

"दाजी, ठेवून घ्या. मोठ्या जातीची आहेत. अंडी देतात, परसातल्या गोगलगाई खातात. काही म्हणजे काही करावं लागत नाही!"

'काही करावं लागत नाही' असे सांगून दिलेली वस्तू घरात घेऊ नये. मी घेतली.

पिल्ले काळी-पांढरी होती. ही जात इतर बदकांसारखी ओरडत नाही, नुसती फुसफुसते. मी परसात गेलो की सहाही जणे माझ्याकडे बघून फुसफुसत. सुलभा गेली की तिच्या पदराला लोंबकळत. याचे कारण मला पंधरा दिवसांनी कळले.

पंधरा दिवसांनी त्यांतल्या एका मादीचा डावा पंख बाहेर वळला. मिटेचना! कडी न लागलेल्या एसटीच्या दारासारखा एका बाजूला उघडा. तिचे नाव सुलभाने ठमी ठेवले होते. ठमीला पिशवीत घालून आम्ही जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो.

"काय घालता हिला?" डॉक्टरांनी विचारले.

"घरातलंच," सुलभा म्हणाली. "भात."

"आणि?"

"भाकरी."

"आणि?"

"शेजारचे मास्तर पाव घालतात. कधी कधी भात घालतात."

"हिरवा पाला वगैरे?"

"पाला? ती काय गुरं आहेत?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग शांतपणे सांगितले की नुसत्या भातापावावर पिल्लू अंगाने भराभर वाढते, पंखाच्या सांध्यात मात्र तेवढा जोर येत नाही. पंख स्वतःच्याच भाराने बाहेर वळतो. वेळीच पंधरा दिवस पट्टीने बांधला आणि खाणे सुधारले तर पंख सरळ होईल, पिसेही चांगली येतील. भाताचा कोंडा द्या, चिरलेला पाला द्या, उकडलेले कुळीथ, मीठ नसलेली सुकट, शिंपांचा चुरा द्या.

मी वही काढली. "प्रमाण?"

"अंदाजानं हो."

पुन्हा अंदाज! हा देश अंदाजावर चालला आहे! प्रमाण मीच बसवले. एका बदकाला दिवसाला कोंडा साठ ग्रॅम, माठाचा नाहीतर शेवग्याचा पाला चाळीस, कुळीथ पंधरा, सुकट दहा आणि तिसऱ्यांच्या शिंपांचा चुरा पाच. एकूण एकशे तीस. सहा बदकांचे सातशे ऐंशी. भात-पाव बंद, असा शब्द मी सगळ्यांकडून घेतला. कचेरीत जाण्यापूर्वी मी खलबत्त्यात शिंपा कुटत बसे. आवाज ऐकून शेजारचे साळवी मास्तर गडग्यावरून (आमच्या दोघांच्या परसांमध्ये जांभ्या दगडांचा छातीइतका गडगा आहे) डोकावून विचारत, "आज काय, औषध?"

घरात बंड झाले. "बदकांना कुळीथ उकडायचे आणि माणसांनी पिठीशिवाय जेवायचं?" सुलभा म्हणाली.

"पिठी खाऊन तुला पंख फुटणार आहेत का?" मी म्हणालो.

त्या दिवशी मला पिठी मिळाली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आयेचे दुःख निराळे होते. तिची हर्ण्याहून आणवलेली सुकट डब्यातून दिवसाला साठ ग्रॅमनी उतरू लागली होती. "बदकांना सुकट, आणि माझ्या चटणीला नुसता वास!" पण ठमीच्या पंखाला पट्टी हवी म्हटल्यावर तिनेच ट्रंकेतून अण्णांचा जुना पंचा काढला आणि स्वतः फाडला. "मऊ हाय," एवढेच म्हणाली.

दर रविवारी मी बदकांचे वजन करी. एकेकाला कापडी पिशवीत घालायचे, पिशवी तागडीला अडकवायची, वजन वहीत लिहायचे. तिसऱ्या रविवारी मी बेरीज केली आणि ताडकन उठून उभा राहिलो. सहा बदकांनी आठवड्यात खाल्ले होते पाच किलो चारशे साठ ग्रॅम. त्यांतला तिसरा हिस्सा तर नुसता पाला. आणि त्यांचे वजन वाढले होते चार किलो!

अशी बरकत निसर्गात नाही. ही भेसळ होती.

मी सोमवारी रजा टाकली. कचेरीत जातो असे सांगून डबा घेऊन पुढच्या दाराने बाहेर पडलो आणि मागच्या बाजूने येऊन न्हाणीघराच्या आडोशाला बसलो. सव्वाआठ वाजता गडग्यावर मास्तर उगवले. एका हातात कप, एका हातात पाव.

"मास्तर!"

मास्तरांच्या हातातला पाव पडला. तो खाली टेकण्यापूर्वीच संपला.

"अहो, मी घातला नाही. मी चहात बुडवत होतो, तो पडला."

"कप तुमच्याकडे आहे आणि पाव आमच्याकडे कसा पडला?"

"हात थरथरतो हो हल्ली."

दहा वाजता आये आली. पदराखाली मूठ.

"आये, हातात काय?"

"काय नाय."

"मूठ उघड."

"मेल्या, आईची झडती घेतंस?" पण मूठ उघडली. भात! "एवढासा तर हाय. मुकी जनावरं तोंडाकडं बघतात रे. सगळीच तुझ्यासारखी मोजून जेवणारी नसतात."

बारा वाजता सुलभा आली. तिने मूठबीठ काही झाकली नव्हती. अख्खे पातेलेच घेऊन आली होती!

"तुम्ही इथे काय करता?" उलट तिनेच मला विचारले. "आणि डबा खाल्लात का?"

मी भडकलो. मी त्या दिवशी जे बोललो ते सगळे लिहिण्यासारखे नाही. या घरात एक तरी माणूस दिलेला शब्द पाळतो का, मी काय माझ्या हौसेसाठी शिंपा कुटतो का, उद्या या पोरीचा पंख कायमचा लुळा पडला तर तुम्ही तिला पाठीवर घेऊन फिरणार आहात का! सगळे ऐकून घेऊन आये सुनेला म्हणाली, "अण्णांच्या वेळी असाच ओरडायचा." मी रागात होतो. त्या वाक्याकडे माझे लक्ष गेले नाही.

संध्याकाळी मी एक फळी रंगवून रस्त्याकडच्या बेड्याला (म्हणजे फाटकाला) ठोकली: 'बदकांस भात, पाव, भाकरी घालू नये.'

ही माझी मोठी चूक. तोपर्यंत आमच्याकडे बदके आहेत हे रस्त्याने जाणाऱ्या कोणालाच ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवसापासून लोक फळी वाचून थांबू लागले, आत डोकावू लागले, आणि ज्यांच्या मनातही आले नसते ते जवळच्या बेकरीतून पाव आणू लागले. त्या वर्षी आमच्या आळीत पहिला टीव्ही आला होता. तो मास्तरांकडे. पण संध्याकाळी गर्दी आमच्या बेड्यापाशी! चौथ्या दिवशी मी फळी काढली, परसाच्या कोपऱ्यात माडाच्या झावळ्यांचे कुंपण घातले, त्याला दार केले, दाराला कुलूप लावले आणि किल्ली जानव्याला बांधतात तशी करगोट्याला बांधली. कुंपणाची उंची चार फूट दोन इंच.

आणि माझ्या मापाचा गुण आला! गणपती येईपर्यंत ठमीचा पंख घडी घातलेल्या लुगड्यासारखा अंगाला बसला. काळ्या पिसांवर हिरवी झाक आली, पाणी टाकले तर थेंब ओघळून जाई. डॉक्टर एकदा वाटेने जाताना आत आले. त्यांनी एकेकीचा पंख ओढून पाहिला.

"उत्तम! असे पंख मी पाहिले नाहीत. कुंपण केवढं घातलंय?"

"चार फूट दोन इंच."

डॉक्टर काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात त्यांना कोणाच्यातरी अडलेल्या म्हशीकडे बोलावणे आले.

मग पितृपक्ष लागला आणि अण्णांचा म्हाळ आला. गावाहून अण्णांचे धाकटे भाऊ, आमचे भाऊकाका, सकाळच्या एसटीने आले. वडे, खीर, अळूचे फदफदे, काळ्या वाटाण्याची उसळ, आणि भात. अण्णांच्या नावाचे पान वाढून ते घराबाहेर उंचावर ठेवायचे, त्याला आम्ही वाडी म्हणतो. वाडीला कावळा शिवला म्हणजे गेलेले माणूस तृप्त. तोपर्यंत घरात कोणी तोंडात पाणी घालायचे नाही.

"बदकांना तरी घाला," सकाळी सुलभा म्हणाली.

"बदकं घरातली आहेत ना? तूच म्हणतेस, पोरांसारखी आहेत. मग नियम सगळ्यांना एकच."

भटजी विधी आटोपून पुढच्या घरी गेले. बाराला दहा मिनिटे कमी असताना मी वाडी न्हाणीघराच्या कौलांवर ठेवली आणि आम्ही हात जोडून उभे राहिलो. मी, सुलभा, आये, भाऊकाका, आणि जेवायला बोलावलेले मास्तर. पाच.

कावळा आला. शेवग्यावर बसला. मान वाकडी करून पानाकडे बघितले. मग माझ्याकडे बघितले. तिथेच बसला.

साडेबारा झाले. भाऊकाका म्हणाले, "बाळ्या, कायतरी राहिलंय. बोल त्यांच्याशी."

"अण्णा, आयेला आम्ही नीट सांभाळू," मी म्हणालो. कावळा ढिम्म.

"गावचं घर शाकारू," भाऊकाका म्हणाले. कावळ्याने चोच फांदीला घासली.

"अण्णा, तुमची छत्री माझ्याकडे आहे, ती परत करतो," मास्तर म्हणाले. (ती छत्री मी दोन वर्षे शोधत होतो!) कावळा हलला नाही.

एक वाजला. वडे थंड झाले. शेवटी आये म्हणाली, "कशाला उगाच फिरवताव? त्यांची काय इच्छा राहिली ती सगळ्यांना ठावकी हाय."

चारही जणांनी माझ्याकडे बघितले. कावळ्यासकट पाच.

"बोल," भाऊकाका म्हणाले. "म्हण, अण्णा, तुमचा भात मापला, चुकलं."

"चुकलं नाही!" मी म्हणालो. "डॉक्टरांनी सांगितलं होतं!"

"डॉक्टरांनी थोडा सांगितला होता. रेघ तू मारलीस."

"मारली! त्यांना साखर होती!"

"अरे, गेलेल्या माणसाला कसली साखर? दोन शब्द बोलायला तुझं काय जातंय?"

"खोटं बोलू? अण्णांशी?"

"अहो, म्हणा ना," सुलभा हळूच म्हणाली. "सगळे उपाशी आहेत."

आता खरे सांगतो. त्या वाटीकडे बघत बसलेले अण्णा मला दिसत होते. आणि तसे काही झाले की मला राग येतो. मी हात सोडले, कावळ्याकडे बोट केले आणि ओरडलो, "माझं माप बरोबर होतं! रेघ बरोबर होती!"

मागे फडफड झाली.

एखाद्याने ओली चादर जोरात झटकावी तसा आवाज. माझ्या टोपीला वारा लागला. ठमी चार फूट दोन इंचांवरून, माझ्यावरून, भाऊकाकांवरून सरळ गेली आणि न्हाणीघराच्या कौलांवर उतरली. दोन्ही पंख एका मापाचे! तिच्यामागून चौघी. नरानेही उडी घेतली, पण तो अंगाने भारी. तो कुंपण ओलांडून अळवात पडला. कौलांवरच्या पाचजणींनी वड्यांकडे ढुंकून पाहिले नाही. खीर तुडवली. भात खाल्ला. आधी भात, मग पानाला चिकटलेला भात, मग कौलांच्या खाचेत सांडलेला भात.

कावळा दोनदा ओरडला आणि मास्तरांच्या घरावरून निघून गेला.

"शिवलं!" भाऊकाका म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून नमस्कार केला.

"काका, ते बदक आहे!"

"पंख आहेत ना? उडून आलं ना? भातच खाल्ला ना? मग तुझं काय म्हणणं आहे?"

"कावळा लागतो!"

"कावळ्यानं ते काम तिला सोपवलं. आमच्या देखत."

मी मदतीसाठी आयेकडे बघितले. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होते, आणि ती हसत होती. "तेच आले," ती म्हणाली. "पंख त्यांच्या पंच्यानं बांधला होता तिचा. आणि भात बघून एवढ्या घाईनं दुसरं कोण येणार? रोज असेच यायचे."

"रोज कुठे?"

आयेने डोळे पुसले. सुलभाने पदर सावरला. मास्तर अळवातल्या नराला उठवायला गेले.

"आये, रोज कुठे यायचे?"

"मागच्या पडवीत," आये म्हणाली. "तू कचेरीत गेलास की. मूठभर द्यायची मी."

"आणि मी एक मूठ," सुलभा म्हणाली. "आये देतात हे मला ठाऊक नव्हतं."

"मी फक्त पाव दिला," अळवातून मास्तर म्हणाले. "बुडवून."

दोन वर्षे! दोन वर्षे मी त्या रेघेवर भात सपाट करत होतो, आणि अण्णा समोर बसून, तोंड बारीक करून, जेवायचे! वर मला विचारायचे, तुला दंड कोण करणार! वजन उतरले नाही, ते माझ्या वाटीमुळे नव्हे! मला इतका राग आला की मला बसावे लागले. भाऊकाकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "म्हणजे तृप्तच गेले की रे," ते म्हणाले. "तू उगाच दोन वर्षं खात होतास मनाला."

मी खात होतो हे मी कोणाला सांगितले नव्हते. मी म्हटले, "पानं वाढा. दीड वाजला." त्या दिवशी मला कोणी किती भात वाढला ते मी पाहिले नाही.

याला आता चार वर्षे झाली. बदके अजून आहेत, कुंपण सात फुटांचे आहे. गेल्या शिमग्यानंतर मला सारखी तहान लागू लागली. तपासले, तर साखर. डॉक्टर म्हणाले, "भात थोडा खा." सुलभाने थोडा म्हणजे किती, असे विचारले नाही. घरी आली, स्टुलावर चढली आणि फळीवरची रेघेची वाटी काढून घासायला टाकली.

त्यानंतर आठ दिवसांतच मला पटले की मोठ्या झालेल्या बदकांचा भात असा कायमचा तोडणे बरे नाही. पंखांची हाडे धरली, आता दोन मुठींनी काय होणार? नियमात तशी दुरुस्ती करून मी वहीत लिहिली. मुक्या जनावरांचे काम दुसऱ्यांवर टाकू नये, म्हणून रोज दुपारच्या जेवणानंतर दोन मुठी भात घेऊन परसात मी स्वतःच जाऊ लागलो. (कचेरी सायकलने सात मिनिटांवर आहे. डबा बंद करून मी जेवायला घरी येऊ लागलो होतो.)

महिनाभर हे सुरळीत चालले. मग एका रविवारी परसात गेलो, तर सुलभा तागडी टांगून बसलेली. शेजारी माझी वही. बदकांची वजने करून झाली होती.

"अहो," ती म्हणाली, "महिनाभर तुम्ही यांना रोज दोन मुठी भात घालताय. एकीचंही वजन दहा ग्रॅमनं वाढलेलं नाही."

वही माझी, तागडी माझी, पद्धत माझी.

"मग?" मी शेवटी विचारले.

"मग काही नाही," ती म्हणाली आणि पिशवीचे तोंड माझ्यासमोर उघडून धरले. "आता तुम्ही बसा."